अमावास्येचा पलंग

"बैठको तो देखो, अम्मा. बैठने के पैसे नईं लेते हम," दुकानदार खादरभाई म्हणाले. सखू पलंगाजवळ उभीच. हात तेवढा लाकडावर ठेवला होता, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

सर्वपित्री अमावास्येची दुपार. सिकंदराबादच्या त्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. असणार कुठून? पितृपक्षात कोण शहाणा घरात नवी वस्तू आणतो! म्हणून तर खादरभाई भाव पाडून बसलेले, आणि म्हणूनच गीता नवरा नागसेन आणि सासू सखू ह्यांना घेऊन आज आलेली. ह्यांचं घर बौद्ध. पितरांना पान वाढणं सखूनं दीक्षेच्या दिवशीच सोडलं होतं. "लोक पाळतात ते पाळू देत की," गीता म्हणायची, "आपले पैसे वाचतात ना? उद्या घट बसले की हाच पलंग आपल्याला झेपायचा नाही."

गीता वस्ताद होती. वाकून पलंगाखाली शिरली, फळ्या टकटक वाजवून पाहिल्या, पॉलिश न केलेल्या बाजूवर नख ओढलं. बाजार खुला झाल्यापासून गल्लोगल्ली काचेची दुकानं निघाली होती. प्लायवूडवर सनमायका चिकटवून लोक काय काय गळ्यात मारतात, काही विचारू नका! हा मात्र आतून-बाहेरून सागवान. ती धूळ झटकत बाहेर आली आणि नागसेनकडे बघून तिनं मान हलवली.

"पण आईनं हो म्हणायला पाहिजे," नागसेन म्हणाला.

सगळं तिथंच अडलं होतं. सखूचे गुडघे गेलेले. पहाटे जमिनीवरून उठताना तिचं कण्हणं ऐकू आलं की नागसेनची झोप उडायची. पण म्हातारी हट्टी. "माझ्या पाठीला जमीनच बरी. कामून पैसे घालवता?" तिच्या मनाविरुद्ध नेला तर ती खाली चटईच टाकणार आणि पलंगावर कपड्यांचा ढीग चढणार, हे तो ओळखून होता. तिनं मनापासून हो म्हटलं तरच घ्यायचा, नाहीतर रिकाम्या हातानं परत जायचं.

तेवढ्यात करंट गेला. पंखे फिरत फिरत थांबले. बाहेर बाया बतुकम्माच्या सणाचा फुलांचा मनोरा रचायला तंगेडूची, म्हणजे तरवडाची, फुलं घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांचा पिवळा रंग काचेतून आत येऊन दुकानातल्या सगळ्या आरशांमधून हिंडत होता. पलंग, कपाटं, टेबलं. भिंती नसलेलं एक मोठं घरच ते. सखू त्या रंगाकडे बघत राहिली. मग कुणी न सांगता बसली. मग आडवी झाली.

"हौ अम्मा, आराम करो," खादरभाई हळूच म्हणाले.

तिचे डोळे मिटले. पलंग ज्वारीच्या रानात उभा होता. उशाशी ताटं सळसळत होती, खालून वारा वाहत होता. रानाच्या कडेच्या धुऱ्यावरून किशनराव येत होता, तिचा कधीच गेलेला नवरा. "भुई सोडली व्हय गं?" त्यानं हसून विचारलं. "सोडली," ती म्हणाली. काय सुख वाटलं तिला! गुडघे दुखतच नव्हते.

"काय हो, आहे का कुणी दुकानात?"

मराठी आवाज. करडा, हुकमाची सवय असलेला. सखू ताडकन उठली. पदर डोक्यावर, नजर खाली, पलंगापासून लांब जाऊन उभी. दारात काठी टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. हैदराबादच्या गौलीगुड्यातले धान्याचे व्यापारी एकनाथराव. सखूनं त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं. गावात पाटलाच्या घरचं माणूस समोरून आलं की बाजेवरून उठायचं, एवढंच तिच्या अंगाला ठाऊक होतं.

नागसेनचा चेहरा उतरला. आपली आई ह्या शहरात, भर दुकानात, कुणा परक्यासाठी उठून उभी राहिली. त्याला लाज वाटली, राग आला आणि रडूही आलं.

एकनाथरावांच्या हे गावीही नव्हतं. "आज नुसतं बघायला आलोय," म्हणत ते पलंगापाशी आले, काठीनं पाय ठोकून पाहिला. "वा! हा ठेवा आम्हाला. उद्या घट बसले की माणूस पाठवतो."

"आज लेलो साब, सस्ता पडता."

"छे! अमावास्येला? आमच्याआधी पितर बसतील त्यावर. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील."

खादरभाई नागसेनकडे वळले. "आप बोलो भई. आज लेते तो आपका, नईं तो इनका."

नागसेन आईकडे बघत राहिला. बाहेरच्या बाया लांब गेल्या होत्या.

एकनाथराव घाम पुसत इकडेतिकडे बघत होते. खुर्च्या एकीवर एक रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. धोतराखाली त्यांचे पाय लटपटत होते. सखूनं ते पाय बघितले, आणि मग पलंगाकडे बघितलं.

ती हळूहळू चालत आली. पलंगाच्या मधोमध बसली, गुडघ्याला हात लावून एकेक पाय वर घेतला.

"नागसेना, पैसे दे त्यांना."

मग मान वर करून ती एकनाथरावांना म्हणाली, "उभे कामून? पाय कापायलेत तुमचे. बसा की. पलंग माझाच हाय."

एकनाथराव जरा घुटमळले. मग काठी आडवी ठेवून पलंगाच्या अगदी कडेला, अंग चोरून बसले.