स्पीकरवरची गाऱ्हाणी

न कळवता घरी आलेल्या केतकीनं अंगणात बॅग टेकवली आणि आईला संशय नको म्हणून रोजच्या वेळेला फोन लावून पुण्यातली गाऱ्हाणी सुरू केली. घरमालक नऊलाच फाटक लावतो, रूममेट खरकटी भांडी तशीच टाकते आणि साहेब रविवारीही ऑफिसला बोलावतो.

तिचाच आवाज खिडकीतून मोठ्यानं बाहेर आला.

तिनं आत डोकावलं. आईचा फोन स्पीकरवर होता आणि त्याभोवती गल्लीतल्या बायका वाती वळत बसल्या होत्या. आपली रडगाणी अशी चव्हाट्यावर मांडलेली बघून तिचं डोकंच फिरलं आणि हात दाराकडे गेला.

“मग तू काय म्हणालीस साहेबाला?” आईनं विचारलं.

“येणार नाही म्हणाले,” ती फणकारली.

आत सगळ्यांचे हात थांबले. सासूपुढे, नवऱ्यापुढे कधी ब्र न काढलेल्या यमूकाकूंनी वात खाली ठेवली, पदर सावरला आणि फोनजवळ तोंड नेलं. “पुन्हा एकदा म्हण गं बाळा.”

केतकीनं दाराकडे गेलेला हात मागे घेतला. ती अंगणातूनच खणखणीत आवाजात म्हणाली, “नाही येणार.”