रुखवतातली वेल

"हे माझं नाहीये," अनया म्हणाली.

शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये रुखवताचं टेबल नुकतंच मांडून झालं होतं. सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन, परातभर लाडू, आणि या सगळ्यांच्या खाली पांढरा टेबलक्लॉथ. त्याच्या कडेनं भरलेली जाईची वेल. पुढ्यात कार्ड उभं केलं होतं : 'हस्तकला - चि. सौ. कां. अनया'. आणि खुद्द चि. सौ. कां. पिवळी साडी नेसून, अर्ध्या केसांत पिना, मेकअपवालीला तसंच सोडून ते बघायला आली होती.

"तुझं नाही तर काय माझं?" सुवर्णामावशी म्हणाली. ती जानेवारीतच नागपूरहून आली होती. भाचीच्या हातात पहिल्यांदा सुई तिनंच दिली होती आणि साखळीचा टाकाही तिनंच शिकवला होता.

अनयानं वेलीवरून बोट फिरवलं. बोट कुठंच अडकेना, तसतसा तिचा पारा चढत गेला. हे कापड तिनं रोज सकाळी शिकागोच्या गाडीत बसून भरलं होतं. गाडीला हिसका बसला की टाका लांबायचा आणि सुई बोटात जायची. शेजारचे एक म्हातारे गोरे गृहस्थ दर वेळी तिच्या वतीनं "आउच" म्हणायचे. तिची वेल दारू प्यायल्यासारखी चालायची. ही वेल कशी अगदी शिस्तीत निघाली होती.

"मावशी, काय केलंस तू?"

मावशी परातीतले लाडू उगाचच इकडचे तिकडे करू लागली. "थोडंसं नीट केलं गं."

"थोडंसं?"

"बरं बाई, उसवून पुन्हा भरलं. तुझं भरून झाल्यावर, तू ऑफिसला जायचीस तेव्हा. अगं, मुलाकडची माणसं कापड उलटं करून बघतात. इथं वाढलेल्या मुलीला हे कोण सांगणार?"

"मग मला शिकवलंस कशाला? व्हाय डिड यू इव्हन टीच मी?"

हा प्रश्न मावशीला आजवर कुणी विचारला नव्हता. माहेरच्या आणि सासरच्या कितीतरी मुलींची रुखवतं तिनं भरली होती. नाव मुलीचं, टाका मावशीचा. एकीनंही कधी तक्रार केली नव्हती. उलट, सुटलो म्हणाल्या होत्या.

"रुखवत असंच असतं, राणी," ती म्हणाली. "माझंसुद्धा माझ्या काकूनं केलं होतं."

अनयाला रडू फुटणार होतं, पण डोळ्यांचा मेकअप होऊन बसला होता. त्यामुळे रडताही येईना, आणि राग दुप्पट झाला. हॉल बाबांनी ठरवला होता, जेवण आईनं, साड्या पुण्याच्या आत्यानं. या अख्ख्या लग्नात तिच्या हातचं असं एवढं एकच कापड होतं.

तेवढ्यात मुलाकडची मंडळी आत आली. पुढे रत्नाकाकू, म्हणजे नवऱ्या मुलाची, परीक्षितची आई. मागोमाग हँडीकॅम सरसावलेले कुणीतरी काका. रत्नाकाकूंनी चष्मा लावला, टेबलक्लॉथचं टोक उचललं आणि खरंच उलटं करून बघितलं. मावशीनं अनयाकडे असा कटाक्ष टाकला, की बघ, काय म्हटलं होतं मी.

"अगं बाई! मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी!" रत्नाकाकू म्हणाल्या. "अनया, हे तू केलंस?"

"नाही, काकू. मी नाही केलं. मावशीनं केलंय. माझं तिनं उसवून टाकलं."

मावशीनं डोळे मिटून घेतले. हँडीकॅमवाले काका जागच्या जागी थबकले.

रत्नाकाकू खळखळून हसल्या. "बघा! कौतुक केलं तर लगेच मावशीच्या नावावर ढकलते. अमेरिकेत वाढली, पण विनय बघा पोरीचा!"

"नो, काकू, सिरियसली. आय ॲम नॉट…"

"कळलं गं, कळलं." त्यांनी तिचा गाल थोपटला. "आता आमच्या नीलांबरीलाही शिकव हो. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही." आणि त्या लाडवांकडे वळल्या. मंडळी त्यांच्या मागून पुढे सरकली.

खरं सांगूनही कुणी ऐकून घेत नाही म्हटल्यावर माणसानं करावं तरी काय! अनया पदर मुठीत आवळून तशीच उभी राहिली.

"झालं समाधान?" मावशी दबक्या आवाजात म्हणाली. "चल आता, केस राहिलेत."

नीलांबरी मात्र तिथंच रेंगाळली होती. परीक्षितची ही चुलतबहीण चौदा वर्षांची होती. दातांना तारा, तोंडात च्युइंगगम. तिनं आधी अनयाकडे पाहिलं, मग मावशीकडे, मग पुन्हा अनयाकडे.

"वेट. सो यू वेअरन्ट किडिंग?" तिनं विचारलं. "देन व्हिच पार्ट इज युअर्स?"

अनयानं लाडवांची परात बाजूला सारली. "अगं, अगं, मांडलेलं मोडू नकोस," मावशी म्हणाली, पण तोवर तिनं टेबलक्लॉथचं टोक ओढून खिडकीच्या उजेडात धरलं होतं.

हिरव्या वेलीच्या बाजूबाजूनं बारीक बारीक भोकं दिसू लागली. नुसती सुईची भोकं, त्यांत दोरा नव्हता. कुठं ती वेलीला खेटून चालली होती, कुठं तिला सोडून भलतीकडेच गेली होती, आणि मग वाट सापडल्यासारखी परत आली होती.

नीलांबरीचं च्युइंगगम चावायचं थांबलं. मावशीही न राहवून वाकून बघू लागली.

"द होल्स," अनया म्हणाली. "ती सगळी माझी."