बांगड्यांचा वाटा

"एक पायरी उतरा, काशीभाऊ. मी धरलंय," रुक्मिणी म्हणाली.

काशीराम कठड्याला बिलगला. "उद्या उतरू, वहिनी."

"काल पण हेच म्हणालात."

घाटकोपरच्या त्या चाळीत पंधरा दिवस हेच चाललं होतं. संपात मिल बंद पडली, तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, सासरे जिना उतरलेच नाहीत, असं काशीरामची सून प्रेमा सांगत आली होती. "आमचं ऐकत नाहीत, काकू. तुमचं ऐकतील."

रुक्मिणीने काम अंगावर घेतलं. तिला तरी दुसरा व्याप कुठे होता? नवरा, सहदेव, संपाच्याच साली गेला, तेव्हापासून एका माणसाचा स्वयंपाक. दळण शेजारची शकु आणायची, रविवारचे बांगडे प्रेमा झाकून द्यायची.

काशीरामला एकच ध्यास होता. मार्केटात जाऊन एकदा स्वतःच्या हाताने बांगडे निवडायचे. तो हे बोलला की रुक्मिणीच्या हातातलं काम थांबायचं. सहदेव दर रविवारी तिला तिथे न्यायचा. ती कल्ले उघडून बघायची, नाक मुरडायची आणि तो पिशवी धरून नुसता हसत उभा राहायचा. त्या रविवारांची तिला फार आठवण येई.

हळूहळू जिना संपला. मग नळ, मग पिठाची गिरणी. रुक्मिणीच्या चपला वाळून कडक झालेल्या, दोन दिवस टाचेला चावल्या. नाक्यावर व्हिडिओचं दुकान बघून ती थबकली.

"इथे इराणी होता ना?"

"गेल्या वर्षी बंद झाला," काशीराम म्हणाला आणि घाईने पुढे बघू लागला.

शेवटी रविवार ठरला. मोठा रस्ता ओलांडताना तिने त्याचं मनगट धरलं. तिचा तळवा घामाने भिजला होता. "घाबरायचं नाही," ती त्याला दोनदा म्हणाली.

मार्केटात मात्र ती त्याला विसरलीच. सरूबाई कोळणीच्या पाटीसमोर बसून तिने बांगड्याचा कल्ला उघडला. लालभडक होता. तिने सवयीने मागे वळून पाहिलं. पिशवी धरून काशीराम उभा होता. तिचे डोळे भरून आले.

सरूबाईने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"काय रं काशीराम, तीन वर्सं दर ऐतवारी दोन वाटे नेतोस, त्यातला दुसरा हिचाच ना? काढलीस एकदाची घराबाहेर."