वजन दिसायला हवं

“हे तरंगतंय,” अभय सर म्हणाले. क्रांतीच्या कागदावरच्या डब्याखाली त्यांनी बोट फिरवलं. “डब्याच्या तिन्ही बाजू दिसतात, खोली आलीय. पण डबा स्टुलावर बसलेला नाही. फुंकर मारली तर उडून जाईल. वस्तूचं वजन दिसायला हवं.”

क्रांतीने डबा पुन्हा काढला. मग कळशी काढली, वीट काढली, तांदळाची पिशवी काढली. कोपरखैरण्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत सरांचा चित्रकलेचा क्लास होता. कौतुक करायची सरांना सवय नव्हती. कागद भिंतीला टाचायचे, लांब जाऊन डोळे बारीक करायचे आणि चूक सांगायचे.

“तुला माहीत आहे ते काढू नकोस,” ते बजावत. “समोर आहे तेच काढ. वस्तूचं नावसुद्धा विसर. उजेड कुठे पडलाय आणि अंधार कुठे साचलाय, एवढंच बघ.”

घरी वेगळंच चाललं होतं. क्रांतीचे पप्पा, पोपट, मार्केटमध्ये गोणी वाहायचे. पाऊस संपता संपता ते गेले. तेव्हापासून दुपार कलली की तिची आई भिमाबाई पलंगाच्या एका टोकाला बसायची आणि शेजारच्या रिकाम्या जागेशी बोलायची. भाजी महागली, नळाला पाणी आलं नाही, पोरीचा क्लास कसा चाललाय. मध्येच पदर तोंडाला लावून हसायची. कधी जरा सरकून जागा करून द्यायची.

क्रांतीचा मोठा भाऊ संघर्ष या सगळ्याला वैतागला होता.

“आपण पंचशील म्हणणारी माणसं,” तो म्हणाला. “भूतबीत आपल्यात चालत नाही. रविवारी हिला डॉक्टरकडे न्यायची. ठेवून घेतो म्हणाले तर ठेवायची.”

“ठेवायला मी काय लोणचं हाय का रे?” भिमाबाई म्हणाली.

क्रांतीलाही आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं. पण आईने आपल्या पायांनी यावं, असं तिला वाटे. ओढत नेलं तर आई कायमची तुटेल, ही तिला भीती होती. ती आईजवळ जाऊन बसली.

“आई, मी तुझं चित्र काढते. इथेच, अशीच बसलेली. समोर असेल तेवढंच काढीन. पप्पा दिसले तर पप्पांना काढीन. नाही दिसले तर मुकाट्याने डॉक्टरकडे यायचं. कबूल?”

भिमाबाईने विचारून घ्यावं तसं शेजारी बघितलं. “कबूल. अन् दिसले तर?”

“तर दादा त्यांच्यासाठी चहा टाकील.”

“ह्याच्या हातचा? नको बाई. उठून जातील ते.”

संघर्षलाही हसू आलं. पप्पा गेल्यापासून तिघं पहिल्यांदाच एकत्र हसली.

शनिवारी ऊन खिडकीतून आडवं आत आलं तेव्हा क्रांती पलंगासमोर बोर्ड घेऊन बसली. तिने नावं विसरायचा प्रयत्न केला. आई नाही, गादी नाही, चादर नाही. नुसता उजेड आणि अंधार. कापड कुठे ताणलंय, कुठे सैल पडलंय, एवढंच ती बघत राहिली. हळूहळू हात आपोआप चालू लागला. भिमाबाई हलली नाही. ती हळू आवाजात बोलत होती, पण क्रांतीशी नाही.

चित्र झालं. कागदावर आई एकटीच होती. शेजारी कुणीही नव्हतं.

क्रांतीने सुटकेचा श्वास टाकला. संघर्षने लगेच सकाळची रिक्षा सांगितली. भिमाबाईने चित्र हातात घेऊन नीट पाहिलं.

“बरोबर काढलंस,” ती म्हणाली. “शब्द दिलाय, सकाळी येते मी.”

इतकं चांगलं चित्र क्रांतीच्या हातून कधी झालं नव्हतं. ते घेऊन ती तशीच क्लासला गेली. सरांनी कागद भिंतीला टाचला आणि ते लांब जाऊन उभे राहिले. डोळे बारीक करून त्यांनी चित्र न्याहाळलं.

“आलं वजन,” शेवटी ते म्हणाले. “या बाईंच्या शेजारची गादी बघ. कशी खोल दबलीय. सगळ्या सुरकुत्या त्या खळग्याकडे ओढल्या गेल्यात. इथे चांगला दणकट माणूस बसलाय, हे सांगावं लागत नाही. फक्त तो माणूस काढायचा राहिलाय.”

क्रांती कागदाजवळ गेली. चित्र तिनेच काढलेलं होतं, पण तो खळगा तिला आत्ता दिसत होता.

“आणि इथे तू चुकलीस.” सरांनी आईच्या आकृतीखाली बोट ठेवलं. “या बाई बसल्यात, पण खाली चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. गादी सपाट. कागदाची बाई ठेवल्यासारखी वाटते. हे कसं शक्य आहे?”

“सर, समोर होतं तेच काढलं मी.”

कागद भिंतीवरच सोडून ती धावत घरी आली. भिमाबाई पलंगावर आपल्या जागी बसली होती.

“आई, ऊठ. सकाळी नको, आत्ताच्या आत्ता चल.” क्रांतीने तिचा दंड धरला. वाळत घातलेल्या झंपराची बाही धरावी तसा तो हातात आला.

भिमाबाईने दुसऱ्या हाताने लेकीच्या गालावरून हात फिरवला. तो स्पर्श क्रांतीला कळलासुद्धा नाही.

“रडू नको गं,” ती म्हणाली. “ते आले तवा लई हलके होते, बसले तरी ठरत नव्हते. मग रोज थोडं थोडं माझं वजन त्यांना देत गेले. आता जरासंच उरलंय, तेवढं देऊ दे.”