जुन्या नावानं हाक

गोरक्षआबांनी गाय विकायचं ठरवल्यापासून त्यांची बायको बनुबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. हाक मारली तरी ओ देत नव्हती. तरी घोडेगावच्या बाजारात दाखवायला गायीचे कागद हवेत, म्हणून आबा गावच्या दूध संस्थेत गेले. तिथं संस्थेचा प्रोग्रॅम लिहिणारा पार्थ कॉम्प्युटरवर गायीच्या नोंदीतलं बटण दाबत होता, पण कागदाची फाईल काही उघडत नव्हती.

सगळा कोड चाळून झाल्यावर पार्थ हसायला लागला.

"आबा, घोळ माझाच हाय. जिल्ह्याचं नाव बदललं म्हणून मी जिल्ह्याच्या फोल्डरचंबी बदललं. कोड बिचारा जुन्याच नावानं हाका मारतोय. मग ओ देनार कोन?"

त्यानं फोल्डरला जुनं नाव परत दिलं आणि फाईल लगेच उघडली.

कागद घेऊन आबा विचार करत घरी आले. लग्नात बायकोचं हौसा हे माहेरचं नाव बदलून बनुबाई त्यांनीच ठेवलं होतं. दारात उभं राहून त्यांनी हळूच हाक मारली, "हौसा, ए हौसा."



"ओ," आतून लगेच आवाज आला. "पन गाय हौसाबी विकू देनार न्हाई."