पाइपातली मेथी

"हे भंगार आजच्या आज हलव," असं सेक्रेटरी पाटणकर महिनाभर बजावत होते आणि वॉचमनची बायको अंजना मान डोलावून पुन्हा त्याच पाइपांना पाणी घालत होती. सोसायटीच्या बागेतल्या मातीला हात लावायची तिला बंदी होती. म्हणून तिने प्लंबरने टाकलेले प्लास्टिक पाइपाचे तुकडे उचलले, स्टीलचा पेला गॅसवर तापवून त्यांना गोल भोकं पाडली, गावाकडून पोतंभर माती आणली आणि मेथी पेरून ते केबिनच्या भिंतीला टांगले. पेल्याच्या चटक्याचा डाग अजून तिच्या तळहातावर होता.

आज बागस्पर्धेचे परीक्षक आले आणि गुलाब सोडून थेट हिरव्यागार पाइपांपुढे थांबले.

"वा! कल्पना कुणाची?"

"आमच्या कमिटीची," पाटणकर छाती फुगवून म्हणाले. "अंजना, बाजूला हो. फोटो काढायचाय."

अंजनाने पदर खोचला आणि पहिल्या पाइपातली मेथी मुठीने उपटली. मग दुसऱ्यातली.

"अगं, वेड लागलं का? नवऱ्याची नोकरी नकोय वाटतं!"

गेटवरून नवरा गप राहण्याच्या खुणा करत होता. तिने तिकडे बघितलंच नाही.

"नोकरी त्यांची हाय, साहेब. मेथी माझी."

शेवटची काडीसुद्धा तिने ठेवली नाही. जुडी काखेत मारून ती परीक्षकांकडे वळली.

"आता उरलं ते कमिटीचं भंगार. काढा फोटो."