माव्याचं झाड

चंद्रावरच्या वस्तीत अख्ख्या पृथ्वीवरून एकच अंडं आलं होतं, आणि त्यातून हळदी-कुंकू बदकाचं पिल्लू निघालंही, पण ते काही खायलाच तयार नव्हतं! शाल्मली त्याच्यापुढे भुकटीची वाटी धरून रडकुंडीला आलेली. शेजारी अद्वय घुमटातली ज्वारी पुसून पुसून वैतागलेला, कारण त्याच यानातून चोरून आलेला मावा, ती रस शोषणारी बारीक कीड, पानापानावर पसरला होता.

"तुझ्या बदकापेक्षा माझा मावा बरा," तो म्हणाला. "एकटाच आला, ना जोडीदार ना आई, तरी पोरंच पोरं! आणि हे लाडोबा उपाशी."

"त्याला खायला आई शिकवते, अद्व्या! आज नाही खाल्लं तर मरेल ते."

"आणि उद्या हुरड्याला सगळी वस्ती येणार, कणसं बघ कशी चिकट झालीत! साबणाचं पाणी फवारतोच आता."

तिला दाखवायला त्याने एक पान तोडून आणलं. पानावर मावा हळूहळू चालत होता. पिल्लाची मान एकदम ताठ झाली आणि चट्‌कन चोच बसली. मग पुन्हा, पुन्हा!

"अरे, भुकटी हलत नाही ना!" शाल्मली किंचाळली. "हलतं तेच त्याला खाणं वाटतं!"

बाकीची ज्वारी अद्वयने फवारून धुतली, आणि दुसऱ्या दिवशी हुरडा जोरात झाला. कोपऱ्यातल्या एका झाडाला मात्र अद्वयने जाळी बांधली होती, आणि कोणी जवळ गेलं की तो ओरडायचा, "माव्याला हात लावू नका रे, पिल्लाचं उद्याचं जेवण आहे ते!"